रूट कॅनॉल: ठणका थांबला म्हणजे काम झालं असं नाही

खान्देशात दाढदुखीची वाट बहुतेक ठरलेली असते. आधी लवंगेचं तेल, मग मेडिकलमधून आणलेली दातदुखीची गोळी, मग अँटिबायोटिकचा अर्धा कोर्स. शेवटी एक रात्र डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी जळगाव, धुळे नाहीतर नंदुरबारचा दवाखाना गाठला जातो. डॉक्टर दाढ उघडतात, नस काढतात, वर कच्चं सिमेंट भरतात. ठणका थांबतो. पुढच्या तारखेला मात्र कापसाची वेचणी असते, केळीची कापणी लागलेली असते किंवा घरात लग्न असतं. उरलेल्या सिटिंग राहतात, कॅप राहते. काही महिन्यांनी दाढ उभी चिरते आणि काढावीच लागते. म्हणून इथे रूट कॅनॉलचे, म्हणजे नस काढून मुळाच्या नळ्या साफ करून भरण्याचे, सगळे टप्पे सांगितले असले तरी भर पहिल्या सिटिंगनंतरच्या कामावर आहे.

दुखण्यावरून काय ओळखायचं

दाताच्या बाहेर कडक आवरण, त्याखाली थोडं मऊ दंतिन आणि मधोमध नस असते. नस म्हणजे एक दोरा नव्हे. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला तो मऊ गर आहे. मुळांच्या बारीक नळ्यांमधून तो टोकाशी जबड्याच्या हाडाला जोडलेला असतो. कीड गरापर्यंत गेली की तो सुजतो, पण चारही बाजूंनी टणक भिंती असल्याने सुजेला जागा नसते. आत दाब वाढतो, रक्तपुरवठा कोंडतो आणि गर मरतो. मग जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू होतो.

थंड किंवा गोड लागल्यावर झिणझिणी आली आणि काही सेकंदांत गेली, तर बहुतेक वेळा साधं सिमेंट पुरतं. याच टप्प्यावर गेलं तर सगळ्यात स्वस्तात सुटका होते. थंड पाण्याची कळ अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळते, गरम चहाने भडकते, रात्री आडवं पडलं की वाढते, कान-कानशिलापर्यंत जाते आणि नेमकी कुठली दाढ तेही सांगता येत नाही, तेव्हा नस वाचण्यापलीकडे गेलेली असते. काहींना उलट गार पाण्यानेच बरं वाटतं आणि ते सतत घोट घेत राहतात. मे महिन्यात जळगावात कुणी बर्फाच्या पाण्याची बाटली घेऊन फिरलं तर त्यात कुणाला वावगं दिसत नाही, पण दाढेसाठी घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. निदानाला ती मोठी खूण आहे.

सगळ्यात फसवी अवस्था याच्या पुढची. आठ दिवस ठणकणारी दाढ एके दिवशी आपोआप शांत होते. औषध लागू पडलं असं वाटतं, पण नस मेलेली असते आणि जंतू हाडाकडे निघालेले असतात. पुढे त्या दाताने चावलं की दुखतं, दात उंच झाल्यासारखा वाटतो, गाल सुजतो. कधी हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटते, पू निघतो, पुन्हा येते. दुखत नाही म्हणून अशी पुटकुळी वर्षभर बाळगणारे लोक आहेत. तेवढा काळ आत हाड झिजत असतं.

आठवडे बाजारात किंवा गावोगावी फिरून 'दाताचे किडे' काढून दाखवणारे आजही भेटतात. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ताटलीत पडलेले बारीक पांढरे कण दाखवले जातात. ते बियांमधलेच असतात. दाताची कीड जंतूंमुळे होते, आणि ते जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

दवाखाना गाठेपर्यंत

प्रौढ आणि एरवी धडधाकट माणसाला आयबुप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. आणि पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मि.ग्रॅ. या दोन गोळ्या जेवणानंतर, आठ-आठ तासांनी, एक-दोन दिवस चालतात. आधी पाकिटावर वाचा, कारण मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत ही दोन्ही औषधं आधीच एकत्र असतात आणि डोस नकळत दुप्पट होतो. किडनीचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी, वेदनाशामकाने उठणारा दमा किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन नको. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरी नको. अशा वेळी फक्त पॅरासिटामॉल.

लवंग तेल एक थेंब, कापसाच्या बोळ्यावर, फक्त किडीच्या खड्ड्यात. हिरडीला लागलं तर ती भाजते. मिसरी, गुल, तंबाखूची चिमूट, पेट्रोल, गालात दाबून ठेवलेली ॲस्पिरिनची गोळी, यांनी आतली त्वचा जळते आणि नसेचं काहीच होत नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतील. सुजलेल्या गालावर गरम शेक घेऊ नका.

अँटिबायोटिकबद्दल स्पष्ट बोलायला हवं. औषध रक्तातून पोचतं. मेलेल्या नसेत रक्त जातच नाही, त्यामुळे जंतूंच्या मूळ अड्ड्यापर्यंत औषध पोचत नाही. सूज थोडी उतरते, अड्डा तसाच राहतो. नुसत्या ठणक्याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. सूज पसरत असेल, ताप असेल, गळ्याला गाठी आल्या असतील, तर डॉक्टर ते देतात आणि सोबत पू निघण्याची वाटही करतात. मेडिकलवाल्याला 'दातांची गोळी द्या' म्हणून आणायची ही वस्तू नव्हे.

एक परिस्थिती थांबण्याची नाही. सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरते, जीभ वर उचलली जाते, गिळता येत नाही, लाळ गळते, तोंड उघडत नाही, श्वासाला त्रास होतो किंवा डोळा सुजून मिटतो. अशा वेळी दातांच्या दवाखान्याची वेळ विचारत बसू नका. १०८ ला फोन करा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. अक्कलकुवा-धडगावकडून यायला घाटात वेळ जातो, म्हणून सूज गळ्याकडे सरकताना दिसली की रात्रीच निघा.

खुर्चीत बसण्याआधी सांगायच्या गोष्टी

इंजेक्शन घ्यायचं म्हणून उपाशी येणारे खूप असतात. रूट कॅनॉलला उपाशी यायचं नसतं. विशेषतः मधुमेह असेल तर नाश्ता करून, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, शक्यतो सकाळची वेळ घ्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. दात काढण्यापेक्षा रूट कॅनॉलमध्ये रक्तस्राव फारच कमी असतो, त्यामुळे अशा रुग्णांना बऱ्याचदा तोच मार्ग बरा पडतो. हृदयाची झडप बदलली असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा, कारण उपचाराआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक मोठा डोस द्यावा लागतो. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर काम पुढे ढकललं जाईल, त्याचा राग मानू नका. गरोदर बाईला चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण पू झाला असेल तर महिना बघत थांबायचं नसतं. गरज पडली तर शिशाचा ॲप्रन घालून दाताचा एक्स-रेही काढता येतो.

आता आपल्याकडची खास अडचण. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे सांगायला नको. गुटखा आणि सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडायचं कमी होतं. आपली तीन बोटं उभी दातांमध्ये जात असतील तर ठीक. दोनच जात असतील तर मागच्या दाढेत ड्रिल आणि फाइल (नळी घासायची बारीक सुई) सरळ नेणं अवघड होतं, आणि एकच जात असेल तर ते जवळपास अशक्य. अशा माणसाची मागची दाढ किडली तर ती वाचवता येण्यासारखी असूनही काढावी लागते. तोंड कमी उघडायला लागलं असेल तर दाढेच्या दुखण्याआधी त्याची तपासणी करून घ्या. त्यातून पुढे कर्करोगाचा धोका असतो.

सिटिंगमध्ये नेमकं काय होतं

आधी तपासणी. थंड स्पर्श देऊन नस जिवंत आहे का ते बघतात, आरशाच्या दांड्याने ठोकून मुळाच्या टोकाशी सूज आहे का ते बघतात, आणि त्या दाताचा छोटा एक्स-रे काढतात. एक्स-रेशिवाय दाढ उघडणारा दवाखाना टाळा.

मग बधिर करण्याचं इंजेक्शन. बहुतेक ठिकाणी २ टक्के लिग्नोकेन आणि ॲड्रिनॅलिन असतं. वरच्या दाताला ते हिरडीच्या वर दिलं की पुरतं. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला देतात आणि अर्धा ओठ जड होतो. ओठ जड झाला तरी दाढ दुखू शकते. खूप ठणकणाऱ्या दाढेत हे नेहमीचं आहे, कारण सुजलेल्या ऊतीतली आम्लता औषधाला नीट काम करू देत नाही. तेव्हा दाताच्या कडेने किंवा थेट नसेत वेगळं इंजेक्शन देतात. दुखलं तर हात वर करा, सहन करत बसू नका.

यानंतर दाताभोवती रबर डॅम बसवतात. पातळ रबरी पडद्यातून एकच दात बाहेर दिसतो. त्यामुळे लाळेतले जंतू आत जात नाहीत, बारीक फाइल हातातून निसटून घशात जात नाही आणि धुण्याचं औषध जिभेवर येत नाही. 'रबर डॅम लावता ना?' हा प्रश्न कुठल्याही दवाखान्यात बिनदिक्कत विचारावा.

दाढेला वरून भोक पाडून नळ्यांची तोंडं शोधतात. पुढच्या वरच्या दातात एक नळी, वरच्या पहिल्या उपदाढेत बहुधा दोन, खालच्या पहिल्या दाढेत तीन किंवा चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी बऱ्याचदा असते, पण ती इतकी बारीक असते की सुटते. रूट कॅनॉल होऊनही दाढ दुखत राहिली तर पहिला संशय या सुटलेल्या नळीवर घ्यायचा.

नळीची लांबी अपेक्स लोकेटर नावाच्या यंत्राने मोजतात आणि एक्स-रेने पडताळतात. एक्स-रेत दिसणाऱ्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं असतं. कमी गेलं तर जंतू राहतात, पुढे गेलं तर हाडाला इजा होते. मग फाइल. १० नंबरची जांभळी फाइल टोकाला ०.१० मिलिमीटर असते, १५ ची पांढरी, २० ची पिवळी, २५ ची लाल. आधी हाताने, मग मशिनवरच्या निकेल-टायटॅनियमच्या लवचिक फाइलने नळी रुंद करतात.

फाइल नळीच्या सगळ्या भिंतींना लागत नाही. जंतू मारायचं खरं काम धुण्याने होतं. सोडियम हायपोक्लोराइट साधारण ३ ते ५ टक्के, पुनःपुन्हा आणि भरपूर. शेवटी १७ टक्के ईडीटीए सुमारे एक मिनिट, म्हणजे भिंतीवरचा भुसा निघतो. खुर्चीत बसून 'नुसतं पाणीच मारताहेत' असं वाटतं, पण घाई करायला लावू नका. हायपोक्लोराइट जोर लावून मुळाच्या टोकापलीकडे गेलं तर एकदम तीव्र आग होते, गाल झपाट्याने सुजतो, निळा पडतो. म्हणून सुईचं भोक बाजूला असलेली सुई वापरतात आणि हळू दाबतात. अशी आग झाली तर तिथल्या तिथे सांगा.

नस ताजी असेल, पू नसेल आणि नळ्या कोरड्या झाल्या तर त्याच दिवशी पुढचं भरण होऊ शकतं. लांबून येणाऱ्यांनी हे आधी विचारावं: 'एका सिटिंगमध्ये होण्यासारखं आहे का?' पू वाहत असेल तर नळ्यांमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध भरून एक-दोन आठवडे थांबतात. वर कच्चं सिमेंट, किमान साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचं. पूर्वी पू निघावा म्हणून दाढ कापूस घालून उघडीच ठेवत. आता तसं करत नाहीत, कारण अन्न आणि लाळ आत जाऊन नळ्या पुन्हा भरतात.

शेवटच्या सिटिंगला नळ्या पेपर पॉइंटने (कागदाच्या बारीक काड्यांनी) कोरड्या करून गटापर्चा आणि सीलरने (फटी बुजवणाऱ्या लेपाने) टोकापर्यंत भरतात. गटापर्चा म्हणजे मलाया भागातल्या एका झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ. भरल्यानंतरचा एक्स-रे स्वतः बघा. पांढरी रेघ मुळाच्या टोकाजवळ पोचलेली आणि मध्ये पोकळी नसलेली हवी.

घरी गेल्यावर

दोन ते चार तास ओठ बधिर असतो. तेवढ्यात गरम शेवभाजी खाल्ली तर गाल कधी चावला आणि जीभ कधी भाजली ते कळणारही नाही. बधिरपणा जाईपर्यंत थांबा. त्या दिवशी मऊ खिचडी, वरण-भात, दादरची (ज्वारीची) भाकरी दाळीत चुरून. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने फुटाणे, सुपारी, कडक बिबडे, उसाचं कांडं बंद.

दोन-तीन दिवस दुखणं आणि आठवडाभर चावताना टोचणं स्वाभाविक आहे. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं, सूज आली, ताप आला किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर राहिला तर फोन करा. दाढ मिटताना तीच आधी लागत असेल तर सिमेंट उंच राहिलं आहे. दोन मिनिटांत घासून होतं, पण तसंच ठेवलं तर आठ दिवस ठणकवतं. कच्चं सिमेंट पडलं तर खड्ड्यात काहीही कोंबू नका. जेवणानंतर चूळ भरा आणि एक-दोन दिवसांत जा.

कॅप का टाळायची नाही

नस काढलेली दाढ आधीच किडीने आणि वरच्या भोकाने पोखरलेली असते. शिवाय नस असताना जोर जास्त झाला की जबडा आपोआप आवरतो. नस काढल्यावर ते भान कमी होतं. लाकडात घातलेल्या पाचरीसारखा एखादा फुटाणा मधोमध जोर देतो आणि दाढ मुळापर्यंत चिरते. अशी उभी चीर कुठल्याही उपचाराने सांधत नाही. पुढच्या दातांवर असा जोर येत नाही, त्यामुळे फार मोडला नसेल तर तिथे नुसतं पक्कं सिमेंट पुरतं. मागच्या दाढांना मात्र कॅप हवीच, आणि दोन-चार आठवड्यांच्या आत.

आधी पक्क्या सिमेंटने दाढ उभी करतात, आधार कमी असेल तर नळीत पोस्ट (आधाराची बारीक दांडी) बसवतात. मग चहूबाजूंनी आणि वरून एक-दोन मिलिमीटर घासून माप घेतात. लॅबमधून कॅप यायला काही दिवस लागतात. पूर्ण धातूची कॅप दिसायला चांदीसारखी, पण दात कमी घासावा लागतो आणि ती फुटत नाही. मागच्या दाढेला, कमी उघडणाऱ्या तोंडात तीच व्यवहाराची. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप दातासारखी दिसते, पण सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात तिचा वरचा कपचा उडतो. झिरकोनियाची कॅप दाताच्या रंगाची आणि मजबूत, महाग. खर्च विचारताना चार गोष्टी वेगळ्या लिहून घ्या: रूट कॅनॉल, एक्स-रे, पक्कं सिमेंट किंवा पोस्ट, आणि कॅप. बरेच जण पहिल्याच रकमेत कॅप धरतात, मग पैसे कमी पडले की तीच सोडतात. पैशाची अडचण असेल तर धुळ्यात डेंटल कॉलेज आहे. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात, खर्च कमी येतो, सिटिंग जास्त होतात.

मधेच बाहेरगावी जावं लागलं तर

ऊसतोडीला गुजरातेत किंवा कामाला सुरतेला निघालात आणि काम अर्धं आहे, तर डॉक्टरांना तसं आधीच सांगा. कच्च्या सिमेंटऐवजी वर ग्लास आयोनोमर या जास्त टिकणाऱ्या सिमेंटचा जाड थर देता येतो, तो काही महिने तग धरतो. सोबत एका कागदावर लिहून घ्या: दाताचा नंबर (खालची उजवी पहिली दाढ ४६, डावी ३६), किती नळ्या सापडल्या, प्रत्येकीची लांबी, आत कोणतं औषध आहे, तारीख. एवढ्यावर सुरतेचा डॉक्टर पुढचं काम करू शकतो. कागद नसेल तर तो पहिल्यापासून सुरुवात करेल.

बिघडलं तर आणि वाचवायचीच नसेल तर

नीट केलेल्या रूट कॅनॉलमध्ये दहापैकी आठ-नऊ दात टिकून राहतात. बिघडतं ते सुटलेल्या नळीमुळे, गळक्या सिमेंटमुळे किंवा चिरेमुळे. कधी नळीत फाइल तुटते. लगेच घाबरू नका: नळी आधी नीट साफ झालेली असेल तर तुकडा तसाच ठेवूनही दात टिकतो, मात्र तसं झाल्याचं तुम्हाला सांगितलं गेलं पाहिजे. जुनं भरण काढून पुन्हा रूट कॅनॉल होतं, आणि तेही जमलं नाही तर मुळाचं टोक शस्त्रक्रियेने कापतात. चीर हाडाखाली गेली असेल, हिरडीच्या वर दातच उरला नसेल किंवा दाढ खूप हलत असेल, तर ती काढलेलीच बरी. अक्कलदाढेसाठीही सहसा एवढा खटाटोप करत नाहीत. बाकी दाढ काढणं आज स्वस्त पडतं, पण रिकाम्या जागेत शेजारचे दात कलतात, समोरचा दात उतरतो, आणि ब्रिज किंवा इम्प्लांटचा खर्च नंतर येतो.

मुळाशी हाड झिजून एक्स-रेत काळा डाग दिसत असेल तर तो लगेच जात नाही. सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून डाग लहान होतोय का ते बघायचं असतं. पूर्ण भरून यायला कधी तीन-चार वर्षंही लागतात. तुलनेसाठी जुना एक्स-रे लागतो, म्हणून भरल्या दिवशीच त्याचा फोटो मोबाइलमध्ये घ्या आणि त्याच्या नावात दाताचा नंबर आणि तारीख टाका.